ट्रेटची वर्गवारी : कंपायलर कोणाचा पुरावा मानतो?

इंदूरच्या लोकमान्य नगरात आम्ही काही मराठी प्रोग्रामर मंडळी रविवारी सकाळी रस्ट भाषेच्या अभ्यासासाठी जमतो. गेल्या रविवारी एका विद्यार्थिनीने ट्रेटविषयी, म्हणजे एखादा टाइप (मूल्याचा प्रकार) काय करू शकतो याच्या नाव दिलेल्या वचनांविषयी, तीन अडचणी मांडल्या. सेंड हा ट्रेट तिने कुठेही लिहिला नव्हता, तरी तो तिच्या स्ट्रक्टला (अनेक फील्ड एकत्र बांधणाऱ्या टाइपला) लागू होता, आणि एक खासगी फील्ड बदलताच तो नाहीसा झाला, हे कसे? एकामागून एक मूल्ये देणारा इटरेटर हा ट्रेट डिन म्हणून, म्हणजे मूळ टाइप झाकून, बॉक्समध्ये ठेवता येतो, मग प्रत काढणारा क्लोन का ठेवता येत नाही? आणि व्हेक हा यादीचा टाइप उपलब्ध आहे, डिस्प्ले हा छपाईचा ट्रेटही उपलब्ध आहे, तर व्हेकसाठी डिस्प्ले लिहिण्यास कंपायलर (प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) नकार का देतो? शेवटी तिने विचारले, की कंपायलर ट्रेटचे प्रकार नेमके कोणत्या आधारावर पाडतो. त्या दिवशी वेळ संपत आली होती आणि मी दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून ते येथे तिलाच उद्देशून सविस्तर लिहीत आहे.

शिकवताना आपण ट्रेट त्यांच्या कामावरून वेगळे करतो: बेरीज-वजाबाकीचे ट्रेट, रूपांतराचे ट्रेट, छपाईचे ट्रेट, नुसती खूण म्हणून असलेले ट्रेट. माणसाला लक्षात ठेवायला ही विभागणी सोयीची आहे, पण कंपायलरला ट्रेट कशाविषयी आहे याच्याशी जवळजवळ काही कर्तव्य नसते. त्याच्यापुढे प्रत्येक वेळी एकच प्रश्न असतो: ‘या टाइपला हा ट्रेट लागू आहे’ असे कोणी म्हटले, तर त्याचा पुरावा कोणी द्यायचा आणि तो कोणत्या रीतीने तपासायचा? माझ्या कामाचा बराचसा भाग धान्यबाजाराच्या तोलाईच्या सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे मला हे बाजारातल्या व्यवहारासारखे दिसते. छावणीच्या मंडीत सोयाबीनची गाडी आली, की तिचे वजन काट्याच्या पावतीवरून ठरते, ओलावा यंत्रावरून ठरतो, माल कोणाचा हे शेतकऱ्याच्या नावच्या नोंदीवरून ठरते, आणि काही गोष्टी आडत्याच्या शब्दावर मानल्या जातात. माल एकच असतो, पण त्याच्याविषयीच्या प्रत्येक विधानाला पुरावा देण्याचा अधिकार वेगळ्याचा असतो. ट्रेटची वर्गवारी ही अशी अधिकारांची वाटणी आहे, आणि तुमच्या तिन्ही अडचणी तिच्यातूनच निघतात.

सर्वांत साधा वर्ग आधी घेऊ. तुम्ही एक ट्रेट घोषित करता, त्यात मेथडची नावे आणि त्यांचे टाइप सांगता, आणि मग एखाद्या टाइपसाठी त्याचे इम्प्लिमेंटेशन, म्हणजे त्या मेथडचा प्रत्यक्ष कोड, स्वतः लिहिता. उदाहरणापुरता ‘मोजण्याजोगा’ नावाचा ट्रेट धरू. त्यात ‘वजन’ ही एकच मेथड आहे आणि ‘पोते’, ‘ट्रॉली’ व ‘ट्रक’ या तीन स्ट्रक्टसाठी तो आपण इम्प्लिमेंट केला आहे. ही नावे मी केवळ सोयीसाठी देवनागरीत लिहीत नाही. जून २०२१ मधील १.५३ या आवृत्तीपासून रस्टचा कंपायलर अशी नावे प्रत्यक्ष स्वीकारतो, आणि शिकाऊ माणसाने पहिले काही दिवस आपल्या भाषेतल्या नावांनी प्रोग्राम लिहून पाहावेत असे माझे प्रामाणिक मत आहे. या वर्गात पुरावा म्हणजे लेखकाने लिहिलेले इम्प्लिमेंटेशन. ते नसेल तर ट्रेट लागू नाही, मग त्या स्ट्रक्टमध्ये नेमकी ‘वजन’ याच नावाची मेथड स्वतंत्रपणे लिहिलेली का असेना. नावे जुळली म्हणून ट्रेट जुळला असे येथे कधीच होत नाही. या कल्पनेचे मूळ हास्केल भाषेच्या टाइप क्लासमध्ये आहे, ज्यांची मांडणी फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पीएचपीमध्ये किंवा स्कालामध्ये ट्रेट हाच शब्द असला तरी तेथे त्याचा अर्थ वेगळा आहे, म्हणून त्या भाषांतून येणाऱ्यांनी तो अर्थ बाजूला ठेवूनच येथे यावे.

पुरावा शोधण्याची कंपायलरची पद्धतही समजून घ्यायला हवी. एखाद्या जेनेरिक (अनेक टाइपसाठी चालणाऱ्या) फंक्शनने ‘टी, म्हणजे दिला जाईल तो टाइप, हा मोजण्याजोगा असावा’ अशी अट घातली असेल आणि तुम्ही त्याला ‘पोते’ दिले, तर कंपायलर त्या अटीची एक देणी म्हणून नोंद करतो. मग ती देणी फेडू शकतील असे सगळे उमेदवार तो गोळा करतो, त्यांतले न जुळणारे गाळतो, एकच उरला तर तो पक्का करतो, आणि त्या उमेदवाराच्या स्वतःच्या अटी असतील तर त्या नव्या देणी म्हणून यादीत घालतो. उमेदवारांचे प्रकार कंपायलरच्या आत खरोखरच वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले असतात: लेखकाच्या इम्प्लिमेंटेशनमधून आलेला, जेनेरिक फंक्शनच्या माथ्यावर लिहिलेल्या अटीतून आलेला, टाइपच्या रचनेवरून काढलेला, भाषेतच अंगभूत असलेला, क्लोजरमधून (आजूबाजूची मूल्ये पकडणाऱ्या निनावी फंक्शनमधून) आलेला, आणि डिन टाइपबरोबर आलेला. जेनेरिक फंक्शनच्या आत टी हा टाइप प्रत्यक्षात कोणता हे माहीत नसते, त्यामुळे तेथे माथ्यावरची अट हाच पुरावा मानला जातो आणि ती पुरी करण्याची जबाबदारी हाक मारणाऱ्याकडे सरकते. एकही उमेदवार उरला नाही, की ई ०२७७ ही ओळखीची एरर येते.

येथे तुमच्या तिसऱ्या अडचणीचे उत्तर मिळते. पुरावा लेखकाने द्यायचा असे ठरले, की कोणत्या लेखकाने, हा प्रश्न लगेच येतो. समजा, व्हेकसाठी डिस्प्ले लिहिण्याची मुभा सर्वांना असती. तुमच्या क्रेटमध्ये (क्रेट म्हणजे रस्टमधला कोडचा स्वतंत्र गठ्ठा) एक इम्प्लिमेंटेशन, माझ्या क्रेटमध्ये दुसरे, आणि तिसऱ्या कोणी दोन्ही क्रेट एकत्र वापरले, तर कंपायलरपुढे एकाच देणीचे दोन तितकेच वैध पुरावे उभे राहतील. छपाईच्या बाबतीत फार तर अक्षरे वेगळी उमटतील. परंतु हॅश या, मूल्यावरून शोधखूण काढणाऱ्या ट्रेटच्या बाबतीत असे झाले, तर एका इम्प्लिमेंटेशनने हॅशमॅपमध्ये (अशा खुणेवरून नोंदी शोधणाऱ्या साठ्यात) ठेवलेली नोंद दुसऱ्याने शोधताना सापडणारच नाही. म्हणून नियम असा, की ट्रेट किंवा टाइप यांपैकी निदान एक तुमच्या स्वतःच्या क्रेटमधला असावा. जेनेरिक पॅरामीटर असलेल्या ट्रेटसाठी या नियमाला काही बारकावे आहेत, पण गाभा हाच. यालाच अनाथ-नियम म्हणतात. तो मोडला तर ई ०११७, आणि दोन इम्प्लिमेंटेशन एकमेकांवर आली तर ई ०११९. तुमच्यापुरता उपाय सोपा आहे: व्हेकला एका फील्डच्या आपल्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळा आणि त्या स्ट्रक्टसाठी डिस्प्ले लिहा. चालताना त्याचा वेगळा खर्च पडत नाही.

आता ऑटो ट्रेटकडे येतो. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे लेखक काहीच लिहीत नाही आणि तरीही जगापुढे एक वचन जाते. सेंड, सिंक, अनपिन, अनवाइंडसेफ आणि रेफअनवाइंडसेफ हे या वर्गातले ट्रेट आहेत. नवा ऑटो ट्रेट स्वतः घोषित करण्याची सोय स्थिर आवृत्तीत अजून दिलेली नाही. या वर्गात पुरावा टाइपची रचना देते: सर्व फील्ड सेंड असतील तर स्ट्रक्ट सेंड, त्यांतले एक जरी सेंड नसले तर स्ट्रक्टही नाही. सेंड म्हणजे मूल्य एका थ्रेडकडून (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या एका कामाकडून) दुसऱ्याकडे सोपवता येते, आणि सिंक म्हणजे त्याचा सामायिक संदर्भ अनेक थ्रेडना एकाच वेळी देता येतो. दोहोंमधला दुवा अगदी नेमका आहे: एखादा टाइप सिंक असेल तरच आणि तेव्हाच त्याचा सामायिक संदर्भ सेंड असतो. आरसी, म्हणजे संदर्भ मोजून मूल्याची सामायिक मालकी देणारा टाइप, यांपैकी काहीच नाही, कारण त्याचा संदर्भ-मोजणीचा आकडा कोणत्याही संरक्षणाशिवाय वाढतो-घटतो. सेल, म्हणजे सामायिक संदर्भातूनही आतले मूल्य बदलू देणारा टाइप, पाठवता येतो पण सामायिक करता येत नाही. आणि म्यूटेक्सचा (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाचा) गार्ड याच्या उलट, सामायिक करता येतो पण पाठवता येत नाही, कारण काही प्रणालींवर ज्या थ्रेडने कुलूप लावले त्यानेच ते उघडावे लागते.

तुमचे फील्ड बदलताच सेंड गेला, तो यामुळे. मला हा अनुभव तोलाईच्या प्रोग्राममध्ये आला. गाड्या तोलायच्या मोठ्या काट्याला, ज्याला इकडे धर्मकाटा आणि महाराष्ट्रात भुईकाटा म्हणतात, सिरियल पोर्टवरून वजन पाठवणारा दर्शक जोडलेला असतो. एक थ्रेड ते वजन वाचत होता आणि दुसरा पावती छापत होता. ‘तोलपावती’ या स्ट्रक्टमध्ये मी सोयीसाठी आडत्याची माहिती एका आरसीमध्ये ठेवली, आणि एरर आली ती त्या स्ट्रक्टच्या फाइलमध्ये नव्हे, तर दोन फाइल पलीकडे, थ्रेड सुरू करण्याच्या ओळीवर. अशा संदेशाची पहिली ओळ सांगते, की अमुक आरसी थ्रेडमधून सुरक्षितपणे पाठवता येत नाही. त्याखालच्या ओळी एकेक पायरी सांगतात: तो आरसी ‘तोलपावती’त आहे, ‘तोलपावती’ व्हेकमध्ये आहे, व्हेक क्लोजरने पकडला आहे, आणि त्या क्लोजरवर सेंडची अट आहे. नवशिके बहुधा पहिली ओळ वाचून थांबतात. खालची साखळी ही कंपायलरने रचनेतून पुरावा शोधताना घेतलेली नेमकी वाट आहे, आणि दुरुस्ती कुठे करायची ते तिच्यातच लिहिलेले असते. मी आरसीच्या जागी, थ्रेडमध्येही सुरक्षित मोजणी करणारा आर्क ठेवला आणि साखळी जुळली.

याची एक बाजू लायब्ररी लिहिणाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यावी. खासगी फील्ड बदलणे हा सामान्यतः अंतर्गत बदल असतो, पण ऑटो ट्रेटच्या बाबतीत तो जाहीर वचन मोडू शकतो, तेही तुमच्या स्वतःच्या क्रेटमध्ये एकही एरर न येता. फंक्शनने ‘इम्पल इटरेटर’ असा झाकलेला टाइप परत केला, तरी त्या झाकणाखालून ऑटो ट्रेट बाहेर दिसतात. इतर काहीही दिसत नसताना तो टाइप सेंड आहे की नाही, हे मात्र कंपायलर आत डोकावून पाहतो. हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे, कारण एरवी प्रत्येक फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये सेंड लिहीत बसावे लागले असते. तरीही त्याची किंमत आहे, आणि ती लायब्ररीच्या लेखकाने मोजायची असते.

रचनेतून पुरावा काढायचा तर एक तार्किक पेच येतो आणि तो कंपायलरच्या वर्गवारीत थेट नोंदलेला आहे. ‘कडी’ नावाचे स्ट्रक्ट घ्या: त्यात पोत्यांची संख्या आणि पुढच्या कडीचा ऑप्शनमधला (असेल किंवा नसेल असा) बॉक्स. कडी सेंड आहे का? संख्या सेंड आहे. बॉक्स सेंड असायला आतली कडी सेंड हवी. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. सामान्य ट्रेटच्या बाबतीत सिद्धता अशी स्वतःवरच येऊन टेकली, तर कंपायलर ती नाकारतो, कारण तेथे पुराव्याला कुठेतरी पाया लागतो. त्याची ओळख ई ०२७५ ही एरर. ऑटो ट्रेट आणि साइझ्ड यांच्या बाबतीत मात्र असे वर्तुळ ग्राह्य धरले जाते. तेथे प्रश्नाचे स्वरूपच ‘विरुद्ध पुरावा कुठे सापडतो का’ असे असते, आणि सगळी रचना फिरून आल्यावर हरकत घेणारे काही सापडले नाही, तर उत्तर होय. या प्रकाराला सहविगमन म्हणता येईल. तुम्ही कडीसाठी क्लोन डिराइव्ह करता (कंपायलरकडून आपोआप लिहून घेता) तेव्हा हा पेच का येत नाही, हेही लक्षात घ्या: डिराइव्हने तयार केलेले इम्प्लिमेंटेशन फक्त जेनेरिक पॅरामीटरवर अटी घालते, फील्डच्या टाइपवर नाही, त्यामुळे कडीसाठी ते बिनशर्त असते आणि वर्तुळ सुरूच होत नाही.

सेंड आणि सिंक यांना आणखी एक विशेषण आहे: ते अनसेफ ट्रेटही आहेत. ऑटो असणे आणि अनसेफ असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. अनपिन ऑटो आहे पण अनसेफ नाही. मेमरी-वाटपाचा ग्लोबलअॅलॉक अनसेफ आहे पण ऑटो नाही. अनसेफ ट्रेटचा अर्थ असा, की त्याच्या वचनावर दुसऱ्याच्या कोडची मेमरी-सुरक्षितता उभी आहे, ते वचन कंपायलर तपासू शकत नाही, आणि म्हणून इम्प्लिमेंट करणाऱ्याने ‘अनसेफ इम्पल’ असे लिहून शपथ घ्यायची. ही शपथ मी एकदा चुकीची घेतली. काट्याच्या दर्शकाबरोबर आलेली सी भाषेतली लायब्ररी एक कच्चा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला नुसता पत्ता, देत असे. कच्चे पॉइंटर सेंडही नसतात आणि सिंकही नसतात, म्हणून कंपायलरने नकार दिला, आणि मी घाईत दोन्हींसाठी अनसेफ इम्पल लिहून मोकळा झालो. लायब्ररी एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे सोपवणे ठीक होते. दोन थ्रेडनी ती एकाच वेळी वापरणे ठीक नव्हते. परिणाम असा झाला, की एक थ्रेड वजन वाचत असताना दुसरा रिकाम्या गाडीचे वजन नोंदवत असला, तर क्वचित मागच्या गाडीचा आकडा पुढच्या पावतीवर येई. हंगामाच्या गर्दीत शेतकऱ्याच्या हातात चुकीची पावती जाणे ही लहान गोष्ट नाही, आणि ती माझी चूक होती. दुरुस्ती दोन ओळींची निघाली: सिंकची शपथ काढून टाकली आणि तो पॉइंटर म्यूटेक्समध्ये ठेवला. म्यूटेक्स स्वतः सिंक असतो, आणि त्यासाठी आतला टाइप नुसता सेंड असला तरी पुरतो. म्हणजे जी गोष्ट मी शब्दावर सांगत होतो, तिचा पुरावा आता कुलूप देऊ लागले.

याच्या शेजारी ईक्यू हा समानतेचा ट्रेट ठेवून पाहा. त्यातही एक न तपासता येणारे वचन आहे, की प्रत्येक मूल्य स्वतःशी समान असते. दशांश संख्यांना ते पाळता येत नाही, कारण ‘संख्या नव्हे’ हे मूल्य स्वतःशीही समान नसते, आणि म्हणून एफ६४ला पार्शलईक्यू आहे, ईक्यू नाही. तरीही ईक्यू अनसेफ नाही. कोणी ते वचन मोडले, तर हॅशमॅप चुकीचे वागेल, नोंदी सापडणार नाहीत, पण मेमरी बिघडणार नाही. वचन मोडल्याने किती खोलवर नुकसान होते, यावर ही रेषा आखलेली आहे.

अंगभूत ट्रेटचा वर्ग भाषेच्या अगदी मुळाशी आहे. साइझ्ड हा ट्रेट तुम्ही इम्प्लिमेंट करूच शकत नाही. टाइपचा आकार कंपाइल करताना ठाऊक आहे की नाही हे फक्त कंपायलर सांगतो, आणि प्रत्येक जेनेरिक पॅरामीटरवर ही अट न लिहिताच लावलेली असते. कॉपीमध्ये पुरावा दोघांचा लागतो: लेखकाने ते लिहायचे आणि कंपायलरने प्रत्येक फील्ड कॉपी आहे ना हे पाहायचे, नसेल तर ई ०२०४. रस्टच्या मे २०१५ मधील १.० आवृत्तीपूर्वी कॉपीदेखील रचनेवरून आपोआप लागू होत असे. २०१४ मध्ये ते बदलून लेखकाच्या स्वाधीन केले गेले, आणि माझ्या मते तो अत्यंत योग्य निर्णय होता, कारण आज योगायोगाने कॉपी असलेल्या स्ट्रक्टमध्ये उद्या एक स्ट्रिंग घालायची झाली तर वापरणाऱ्यांचे कोड मोडू नये. ड्रॉपची गोष्ट आणखी वेगळी आहे. तो तुम्ही लिहिता, पण त्याला थेट हाक मारू शकत नाही. कॉपी आणि ड्रॉप एकाच टाइपला कंपायलर देत नाही. आणि ‘टी हा ड्रॉप असावा’ ही अट घालण्यात काही अर्थ नसतो. स्ट्रिंग आपली मेमरी सोडते, पण तिला स्वतःचा ड्रॉप नाही. सोडण्याचे काम तिच्या आतल्या व्हेककडून होते. त्यामुळे ती अट स्ट्रिंगला नाकारेल आणि तुम्हाला जे हवे होते ते सांगणारच नाही. क्लोजरचे एफएन, एफएनम्यूट आणि एफएनवन्स हे तीन ट्रेटही याच वर्गात बसतात: क्लोजर पकडलेल्या मूल्यांचे काय करतो हे पाहून कंपायलरच ते बहाल करतो.

राहिली तुमची दुसरी अडचण. एखादा ट्रेट डिन होऊ शकतो की नाही, ही वर्गवारी प्रोग्राम चालू असतानाच्या पुराव्याची आहे. ‘डिन मोजण्याजोगा’ म्हटले, की मूळ टाइप पुसला जातो आणि त्याच्या जागी दोन पॉइंटर उरतात, ६४-बिट यंत्रावर एकूण १६ बाइट: एक मूल्याकडे नेणारा, दुसरा एका तक्त्याकडे. तक्त्यात ते मूल्य नष्ट कसे करायचे, त्याचा आकार किती, मेमरीतली मांडणी कोणत्या पटीत, आणि मग ट्रेटच्या मेथडचे पत्ते असतात. ट्रेट डिन व्हायचा तर त्याचे म्हणणे या तक्त्यात मावले पाहिजे. जेनेरिक मेथड मावत नाही, कारण ती प्रत्येक टाइपसाठी निराळी तयार होते आणि तिला एकच पत्ता नसतो. सेल्फ, म्हणजे त्या मूळ टाइपचेच मूल्य, परत करणारी मेथड मावत नाही, कारण परत येणाऱ्या मूल्याचा आकार हाक मारणाऱ्याला ठाऊक नसतो. दुसरा सेल्फ आर्ग्युमेंट म्हणून घेणारी मेथडही मावत नाही, कारण समोरचे मूल्य त्याच पुसलेल्या टाइपचे आहे याची खात्री कोण देणार? क्लोन सेल्फ परत करतो, शिवाय त्याची पूर्वअटच साइझ्ड आहे. म्हणून ई ००३८. इटरेटरमध्ये मॅप आणि फिल्टरसारख्या कितीतरी जेनेरिक मेथड आहेत, तरी तो डिन होतो, कारण त्यांच्यावर ‘सेल्फ साइझ्ड असेल तरच’ अशी अट लिहिलेली आहे आणि तक्ता भरताना कंपायलर त्यांना वगळतो. तक्त्यात जायलाच हवी अशी ‘नेक्स्ट’ ही मेथड मात्र तेथे नीट बसते. तुम्हाला डिन पोत्यांची प्रत हवीच असेल, तर स्वतःच्या ट्रेटमध्ये ‘बॉक्समध्ये घातलेली डिन प्रत’ परत करणारी मेथड ठेवा; बॉक्सचा आकार ठाऊक असतो, त्यामुळे तक्रार राहत नाही.

येथे दोन वर्ग एकमेकांना भेटतात. डिन टाइपमध्ये सामान्य ट्रेट एकच लिहिता येतो, पण ‘डिन एरर अधिक सेंड अधिक सिंक’ चालते, कारण ऑटो ट्रेटना मेथड नसतात आणि तक्त्यात त्यांना जागाच लागत नाही. मात्र ते तेथे स्पष्ट लिहावे लागतात: टाइप पुसल्यावर रचना दिसेनाशी झालेली असते, आणि रचनेवरून मिळणारा पुरावा तिच्याबरोबरच जातो. एप्रिल २०२५ च्या १.८६ आवृत्तीपासून डिन मूल्य त्याच्या पूर्वअटीतल्या ट्रेटकडे थेट नेता येते. त्याआधी त्यासाठी हाताने एक मेथड लिहावी लागे.

मार्कर ट्रेट हा शब्द तुम्हाला सगळीकडे भेटेल, म्हणून त्याविषयी थोडे. मेथड नसलेल्या ट्रेटला आपण मार्कर म्हणतो, पण कंपायलरच्या दृष्टीने हा एक वर्ग नाही. सेंड, कॉपी आणि साइझ्ड हे तिन्ही स्टँडर्ड लायब्ररीच्या मार्कर विभागात आहेत, आणि तिघांच्या पुराव्याची रीत तीन तऱ्हेची आहे, हे वर आलेच. कंपायलरच्या आत मार्कर या नावाची एक खरी खूण आहे, पण ती अस्थिर आहे आणि तिचा अर्थ निराळा: त्या ट्रेटची इम्प्लिमेंटेशन एकमेकांवर आली तरी चालतील, कारण निवडण्यासारखे त्यांत काहीच नाही.

तुमच्या क्रेटसाठी आता दोन गोष्टी करा. टी वर सेंड आणि सिंक यांची अट असलेले, रिकाम्या शरीराचे एक फंक्शन टेस्टमध्ये लिहा आणि तुमच्या प्रत्येक जाहीर टाइपचे नाव देऊन त्याला एकेक हाक मारा. दुसरे, ज्या ट्रेटचा डिन वापर लोक करतील, त्याचा डिन संदर्भ घेणारे एक रिकामे फंक्शन ठेवा. चालताना यांपैकी कशाचाच खर्च नाही. पुढे कोणी एखाद्या खासगी फील्डमध्ये आरसी घातला किंवा ट्रेटमध्ये जेनेरिक मेथड वाढवली, तर एरर वापरणाऱ्याच्या घरी न येता तुमच्याच टेस्टमध्ये येईल. गेल्या रविवारी तुम्ही दाखवलेला ई ०२७७ चा पूर्ण संदेश पुढच्या वेळी खालच्या सगळ्या ओळींसह घेऊन या. आपण त्याची साखळी एकत्र वाचू.